घरात क्षयरुग्ण असताना कूलर कुठे लावावा? खोलीत बाहेरची हवा किती आणि कुठून यावी?

थोडक्यात

- क्षयरोगावर मुख्य उपाय म्हणजे नियमित औषधे. खोलीतील मोकळी हवा घरातील इतरांचा धोका आणखी कमी करते.
- पंखा आणि स्प्लिट एसी खोलीतील तीच हवा फिरवतात. खिडकीत बसवलेला कूलर मात्र बाहेरची हवा आत आणतो.
- कूलर जितकी हवा आत टाकतो, तितकी हवा कुठूनतरी बाहेर जाणारच. ती रुग्णाच्या खोलीतून घरात जाता कामा नये, थेट घराबाहेर जायला हवी.
- कूलरवर लिहिलेल्या दर १००० घनमीटर हवेमागे बाहेर जाणाऱ्या हवेसाठी साधारण दीड चौरस फूट मोकळी जागा ठेवा.

हा प्रश्न वऱ्हाडात महत्त्वाचा का?

अकोला आणि अमरावतीत एप्रिल-मे महिन्यांत पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. सकाळी दहा वाजले की झळा लागू नयेत म्हणून दारे-खिडक्या बंद होतात, पडदे ओढले जातात आणि कूलर सुरू होतो. नवतपा संपेपर्यंत घराचा दिनक्रम कूलरभोवतीच फिरतो.

अशा दिवसांत घरातील कोणाला फुप्फुसाचा क्षयरोग असल्याचे कळले, तर नातेवाईक डॉक्टरांना बरेच प्रश्न विचारतात. ताट-वाटी वेगळी ठेवायची का? कपडे वेगळे धुवायचे का? लहान मुलांना मामाच्या गावी पाठवायचे का? ताट-वाटी, कपडे किंवा अंथरूण यांतून क्षयरोग पसरत नाही, त्यामुळे त्यांची काळजी करण्याचे कारण नाही. तो पसरतो हवेतून. म्हणून खरा प्रश्न असा आहे की, रुग्ण ज्या खोलीत झोपतो, त्या खोलीतील हवा जाते कुठे?

याचे उत्तर उन्हाळ्यात बहुतेक वेळा कूलरच्या जागेवर अवलंबून असते. कूलर योग्य ठिकाणी असेल तर तो रुग्णाच्या खोलीची हवा सतत घराबाहेर काढतो. चुकीच्या ठिकाणी असेल तर तीच हवा माजघरात आणि स्वयंपाकघरात ढकलतो. कूलर तोच आणि वीजबिलही तेवढेच, पण परिणाम अगदी उलटा.

क्षयरोग हवेतून कसा पसरतो?

फुप्फुसाचा क्षय असलेली व्यक्ती खोकते, शिंकते किंवा बोलते, तेव्हा अतिशय बारीक कण हवेत जातात. मोठे थेंब लगेच खाली पडतात. बारीक कण मात्र बंद खोलीत कित्येक तास तरंगत राहतात आणि त्यांत क्षयाचे जंतू असू शकतात. रुग्ण खोलीतून निघून गेला तरी हे कण काही काळ तिथेच असतात.

१९५०च्या दशकात अमेरिकेतील बाल्टिमोर शहरात रिचर्ड रायली आणि विल्यम वेल्स या शास्त्रज्ञांनी ही गोष्ट प्रयोगाने दाखवली. क्षयरुग्णांच्या वॉर्डमधून बाहेर काढलेली हवा त्यांनी गिनीपिग ठेवलेल्या खोलीत सोडली. त्या प्राण्यांचा रुग्णांशी दुसरा कोणताही संपर्क नव्हता, तरीही त्यांना क्षयाची लागण झाली. हवा जिकडे जाते, तिकडे जंतूही जाऊ शकतात, हे त्यातून सिद्ध झाले.

पण घाबरून जाऊ नका. १९५६ पासून मद्रासमध्ये झालेल्या प्रसिद्ध अभ्यासात काही रुग्णांना सॅनिटोरियममध्ये ठेवून, तर काहींना त्यांच्या दाटीवाटीच्या घरातच ठेवून उपचार दिले गेले. घरी उपचार घेणाऱ्यांच्या कुटुंबीयांना जास्त धोका झाल्याचे दिसले नाही. योग्य औषधे सुरू झाली की रुग्णाची संसर्ग पसरवण्याची क्षमता झपाट्याने कमी होते. साध्या, म्हणजे औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगात पहिल्या दोन आठवड्यांतच मोठा फरक पडतो. त्यामुळे रुग्णाला घराबाहेर काढण्याची गरज नाही. औषधे चुकू न देणे आणि घरातील हवा नीट वाहती ठेवणे, ही दोन कामे करायची आहेत.

पंखा, एसी आणि कूलर यांत फरक काय?

*पंखा:* छताचा किंवा टेबलाचा पंखा खोलीतील तीच हवा फिरवतो. खिडक्या बंद असतील तर नवी हवा अजिबात येत नाही.

*एसी:* स्प्लिट एसी खोलीतील हवा आत ओढतो, थंड करतो आणि परत त्याच खोलीत सोडतो. भिंतीबाहेरील यंत्र फक्त उष्णता बाहेर टाकते, हवा आत आणत नाही. क्षयरुग्णाच्या खोलीत दारे-खिडक्या लावून एसी चालवणे म्हणजे एकच हवा सर्वांनी वाटून घेणे होय.

*खिडकीतील कूलर:* हा बाहेरची हवा ओल्या ताट्यांमधून ओढतो आणि आत फेकतो. थोडक्यात, तो घरात बाहेरची हवा आणणारे सर्वांत मोठे यंत्र आहे.

*खोलीच्या आत ठेवलेला कूलर:* हा बाहेरची हवा आणत नाही. तीच हवा ओली करून फिरवतो. खोली दमट होते, थंडावाही कमी मिळतो. क्षयरुग्ण असलेल्या घरात असा वापर टाळा.

एक साधा नियम: जितकी हवा आत, तितकीच बाहेर

खोली म्हणजे फुगा नव्हे. कूलरने हवा आत ढकलली की तेवढीच हवा दार, खिडकी किंवा झरोक्यातून बाहेर जाते. बाहेर जायला जागा नसेल तर कूलर हवा फेकूच शकत नाही. पंखा फिरत राहतो, आवाज येतो, पण खोलीत उकडते आणि दमटपणा वाढतो. "कूलर लावला तरी चिकचिक होते" अशी तक्रार असलेल्या अनेक घरांत कूलर चांगला असतो, हवेला बाहेर जायची वाट तेवढी नसते.

हवा नेहमी सोपी वाट निवडते. रुग्णाच्या खोलीतील खिडक्या बंद आणि आतले दार उघडे असेल, तर कूलरची सगळी हवा रुग्णावरून वाहत त्या दारातून घरात शिरते. ताज्या हवेमुळे जंतूंचे प्रमाण पातळ झालेले असते हे खरे, पण उरलेले कण जातात ते घरातील माणसांकडेच.

मग कूलर कुठे लावावा?

*पहिली रचना: रुग्णाच्या खोलीला बाहेर उघडणाऱ्या दोन खिडक्या आहेत.*
एका खिडकीत कूलर लावा आणि दुसरी खिडकी उघडी ठेवा. घरात उघडणारे दार बंद ठेवा, दाराखालच्या फटीवर जुने कापड लावा. आता हवा एका खिडकीतून येईल आणि दुसरीतून थेट बाहेर जाईल. रुग्णाची खाट हवा बाहेर जाते त्या खिडकीजवळ ठेवा. जेवण किंवा औषध द्यायला येणाऱ्याने कूलरच्या बाजूला बसावे.

*दुसरी रचना: रुग्णाच्या खोलीला बाहेर उघडणारी एकच खिडकी आहे.*
त्या खिडकीत कूलर लावू नका. कूलर समोरच्या बैठकीच्या खिडकीत लावा. रुग्णाच्या खोलीचे दार आणि तिची खिडकी उघडी ठेवा. इतर खोल्यांच्या खिडक्या शक्य तितक्या बंद ठेवा, म्हणजे हवा बैठकीतून रुग्णाच्या खोलीत जाईल आणि तिथल्या खिडकीतून बाहेर पडेल. घरातील माणसांना ताजी हवा आधी मिळेल आणि रुग्णाच्या खोलीतील हवा परत घरात येणार नाही. गॅस पेटवताना मात्र स्वयंपाकघराची खिडकी उघडाच.

*तिसरी रचना: एकाच खोलीचे किंवा टिनाच्या पत्र्यांचे घर आहे.*
एका बाजूला कूलर लावा आणि समोरचे बाहेरचे दार उघडे ठेवा. रुग्णाने दाराकडच्या बाजूला झोपावे, मुले आणि म्हातारी माणसे कूलरकडच्या बाजूला. दारापलीकडे लगेच शेजाऱ्यांची बसण्याची जागा असेल तर त्यांचाही विचार करा.

*सर्वांत सोपा उपाय: उघड्यावर झोपणे.*
आपल्याकडे उन्हाळ्यात गच्चीवर, अंगणात किंवा छपरीत खाट टाकण्याची रीत आहेच. मोकळ्या हवेत जंतू लगेच विरून जातात. संध्याकाळनंतर रुग्णाने मच्छरदाणी लावून बाहेर झोपणे हे कोणत्याही यंत्रापेक्षा चांगले. दुपारच्या उन्हात मात्र रुग्णाला बाहेर बसवू नका. उष्माघाताचा धोका खरा आहे.

बाहेर जाणाऱ्या हवेसाठी किती जागा ठेवावी?

कूलरच्या डब्यावर किंवा मागच्या पट्टीवर तो तासाला किती घनमीटर हवा फेकतो हे लिहिलेले असते. त्यावरून हिशोब करता येतो.

दर १००० घनमीटरमागे दीड चौरस फूट मोकळी जागा हवी. इतकी जागा असेल तर हवा सेकंदाला साधारण दोन मीटर वेगाने, फार न अडता बाहेर जाते.

समजा, तुमच्या कूलरवर ३००० घनमीटर लिहिले आहे. मग साडेचार चौरस फूट जागा लागेल, म्हणजे दीड फूट रुंद आणि तीन फूट उंच मोकळी खिडकी. दार दोन इंच किलकिले ठेवून ती मिळत नाही.

आता याचा फायदा पाहा. १० फूट बाय १२ फूट, १० फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. कूलरने लिहिलेल्या आकड्याच्या निम्मीच हवा फेकली, तरी खोलीतील हवा तासाला ४० हून अधिक वेळा बदलेल. हवेतून पसरणाऱ्या आजारांच्या रुग्णांसाठी रुग्णालयात जी खास विलगीकरण खोली बांधतात, तिथे तासाला १२ वेळा हवा बदलण्याचे उद्दिष्ट असते. घरातील साधा कूलर योग्य जागी लावला तर त्याहून अधिक काम करतो.

वीज गेली किंवा कूलर नाही, तर?

अशा वेळी समोरासमोरच्या दोन उघड्या खिडक्या, किंवा खिडकी आणि बाहेरचे दार, हाच आधार. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेनुसार उष्ण व कोरड्या हवामानात दारे सोडून खिडक्यांचे एकूण क्षेत्र जमिनीच्या क्षेत्राच्या किमान एक दशांश असावे. १० बाय १२ च्या, म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला किमान १२ चौरस फूट खिडकी हवी. इतकी खिडकी बहुतेक घरांत असते. अडचण असते ती प्रत्यक्ष उघडणाऱ्या जागेची:

- स्लायडिंग खिडकीचे दोन पल्ले एकमेकांवर सरकतात, त्यामुळे एका वेळी निम्मीच खिडकी उघडते. १२ चौरस फुटांची खिडकी प्रत्यक्षात ६ चौरस फुटांचीच.
- डासांची जाळी हवेचा बराच भाग अडवते. जाळीवर धूळ आणि कापसाचे तंतू बसले तर आणखी. दर पंधरा दिवसांनी जाळी ओल्या कापडाने पुसा.
- खिडकीसमोर कपाट, गाद्यांची चळत किंवा जाड पडदा असेल तर ती जागा हिशोबात धरू नका.

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये रुग्णालयांतील नैसर्गिक हवेबाबत एक सोपे गणित दिले आहे. वाऱ्याचा वेग, दोन खिडक्यांपैकी लहान खिडकीची मोकळी जागा आणि ०.६५ हा आकडा यांचा गुणाकार केला की सेकंदाला किती हवा वाहते ते कळते. ६ चौरस फुटांच्या, म्हणजे ०.५६ चौरस मीटरच्या दोन खिडक्या समोरासमोर उघड्या असतील आणि अगदी मंद, सेकंदाला अर्धा मीटर वेगाची झुळूक असेल, तर सेकंदाला साधारण १८० लिटर हवा वाहते. हवेतून पसरणाऱ्या आजाराच्या रुग्णासाठी संघटनेने सुचवलेले सरासरी प्रमाण आहे १६० लिटर. म्हणजे झुळूक असताना दोन उघड्या खिडक्या पुरतात. वारा पूर्ण पडला तर पुरत नाहीत. खिडक्या एकाच भिंतीत असतील तर हे गणित लागू होत नाही, हवा बरीच कमी वाहते.

एक्झॉस्ट पंखा लावला तर?

रुग्णाच्या खोलीला एकच खिडकी असेल तर तिच्या वरच्या भागात एक्झॉस्ट लावणे हा चांगला पर्याय आहे. हा पंखा खोलीतील हवा बाहेर काढतो आणि घरातील हवा रुग्णाच्या खोलीत ओढतो. दिशा आपल्याला हवी तशीच मिळते, आणि हिवाळ्यातही उपयोग होतो.

पण एक्झॉस्टलाही आत येणाऱ्या हवेची वाट लागते. तासाला ६०० घनमीटर हवा काढणाऱ्या पंख्याला आत येण्यासाठी साधारण पावणेदोन ते दोन चौरस फूट जागा हवी. दाराखालची अर्धा इंच फट त्याच्या चौदाव्या भागाइतकीसुद्धा भरत नाही. दार चार इंच उघडे ठेवले तर सव्वादोन चौरस फूट जागा मिळते आणि काम भागते. घरात हवा यावी म्हणून बैठकीची एक खिडकीही उघडी ठेवा. पंख्याच्या अगदी शेजारची खिडकी मात्र बंद ठेवा. नाहीतर पंखा तिथूनच हवा ओढून लगेच बाहेर टाकेल आणि खोलीतील हवा जागेवरच राहील.

दिशा बरोबर आहे की नाही, कसे ओळखावे?

शिवणाचा दोरा किंवा पातळ कागदाची पट्टी घ्या. रुग्णाच्या खोलीच्या दारात धरा. पट्टी खोलीच्या आत वळत असेल तर ठीक. घराच्या बाजूला वळत असेल तर रुग्णाच्या खोलीतील हवा घरात येत आहे, उघडलेल्या जागा बदला. मग हवा बाहेर जाते त्या खिडकीत पट्टी धरा, ती बाहेर ओढली गेली पाहिजे. पंखा, कूलर चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही वेळा तपासा. अगरबत्तीच्या धुरानेही हे कळते, पण दम्याचा किंवा खोकल्याचा रुग्ण जवळ असेल तर पट्टीच वापरा.

बाहेरची हवा कुठून घ्यावी?

आत येणारी हवा भरपूर असून भागत नाही, ती स्वच्छही हवी. कूलर बसवण्यापूर्वी खिडकीच्या बाहेर उभे राहून पाहा.

- जनरेटरचा धूर, चुलीचे धुराडे, संडासाचा हवेचा पाइप किंवा शेजाऱ्यांचा एक्झॉस्ट यांपासून किमान १० फूट दूर राहा. अंतर जितके जास्त तितके चांगले.
- कूलरच्या मागे मोटरसायकल सुरू करून उभी ठेवू नका. तिचा धूर थेट खोलीत येतो.
- रुग्णाच्या खोलीतील हवा ज्या खिडकीतून बाहेर जाते, तिच्या जवळ कूलर नको. नाहीतर बाहेर काढलेली हवाच परत आत येईल. शक्यतो दोन्ही वेगवेगळ्या भिंतींवर असू द्या.
- शेतात पऱ्हाटी किंवा तुराट्या जाळल्या जात असतील, शेजारी कचरा पेटवला असेल, तर तेवढा वेळ कूलर बंद ठेवून त्या बाजूची खिडकी लावून घ्या. धूर ओसरला की परत उघडा.
- जिनिंगजवळ राहत असाल तर ताट्या आणि जाळ्या जास्त वेळा स्वच्छ करा. ओल्या ताट्या मोठी धूळ अडवतात, धूर आणि वायू अडवत नाहीत.

हिवाळ्यात आणि पावसाळ्यात

उन्हाळ्यात कूलरमुळे हवा तरी बदलते. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत खिडक्या लावून सगळे एका खोलीत झोपतात, तेव्हा धोका जास्त असतो. त्या दिवसांत रुग्णाच्या खोलीची खिडकी रात्रीही किमान वीतभर उघडी ठेवा आणि रुग्णाला पांघरूण जास्त द्या. दिवसा ऊन असताना सर्व खिडक्या पूर्ण उघडा. खोलीत येणारे ऊनही जंतूंना मारक असते.

बंद खोलीत कोळशाची शेगडी कधीही ठेवू नका. बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर हवा खेळती राहील अशी जागा हवीच. दोन्हींमधून कार्बन मोनॉक्साइड हा वास नसलेला विषारी वायू तयार होऊ शकतो आणि माणूस झोपेतच दगावू शकतो.

पावसाळ्यात कूलरने दमटपणा वाढतो. अशा वेळी कूलरचा पंप बंद ठेवून फक्त पंखा चालवा. बाहेरची हवा येत राहील, ओल येणार नाही.

दवाखान्यात गेल्यावर

फेब्रुवारी २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट राज्यात सर्वांत आधी जाणवली ती अमरावती-अकोला पट्ट्यात. २२ फेब्रुवारीला अमरावती शहर आणि अचलपूरमध्ये पुन्हा टाळेबंदी लागली. त्यानंतर मे महिन्यात केंद्र सरकारच्या प्रधान वैज्ञानिक सल्लागारांच्या कार्यालयाने जनतेसाठी सूचना काढल्या, त्यांत मास्कइतकाच भर खेळत्या हवेवर होता. साथ गेली आणि दवाखान्यांच्या खिडक्या पुन्हा बंद झाल्या. क्षयरोग मात्र तेव्हाही होता आणि आजही आहे.

पेरू देशातील लिमा शहरात आठ रुग्णालयांचा अभ्यास झाला. तो २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खिडक्या-दारे उघडी असताना खोल्यांतील हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्राने हवा खेळवणाऱ्या विलगीकरण खोल्यांत हे प्रमाण १२ होते. १९५० पूर्वी बांधलेल्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या इमारती सर्वांत सरस ठरल्या.

म्हणून अमरावतीत इर्विन असो, अकोल्यात सर्वोपचार असो की गावातील खासगी दवाखाना, रांगेत बसताना खिडकीजवळची किंवा व्हरांड्यातील जागा निवडा. खोकणाऱ्या माणसाने मास्क लावावा. बंद एसी कक्षात गर्दी असेल तर "आम्ही बाहेर थांबतो, नंबर आला की हाक द्या" असे सांगायला संकोच करू नका.

कूलरची निगा

- आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून घासा आणि कोरडी करा. साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारे डास वाढतात.
- पाणी भरण्यापूर्वी प्लग काढा. लोखंडी कूलरला अर्थिंग हवेच. ओल्या हाताने किंवा अनवाणी पायाने कूलरला हात लावू नका, मुलांना जवळ जाऊ देऊ नका.
- ताट्यांना वास येऊ लागला किंवा बुरशी दिसली तर बदला.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गार हवेने क्षयरोग वाढतो का?*
नाही. थेट अंगावर झोत नको एवढेच, त्याने खोकल्याची उबळ येऊ शकते. दम्याच्या रुग्णाला ओलसर हवेचा त्रास होत असेल तर डॉक्टरांना सांगा.

*कूलरच्या पाण्यातून क्षयाचे जंतू पसरतात का?*
नाही.

*खोलीत कापूर, गोवऱ्यांची धुरी केली तर जंतू मरतात का?*
नाही. धुरामुळे आजारी फुप्फुसांना आणखी त्रास होतो.

*रुग्णाची खोली पूर्ण बंद ठेवली तर जंतू बाहेर येणार नाहीत ना?*
उलट होते. बंद खोलीत जंतू साठत जातात. दार उघडले की ते घरात येतात आणि आत जाणाऱ्या व्यक्तीला जास्त धोका होतो.

*हे सगळे किती दिवस पाळायचे?*
तुमचे डॉक्टर सांगतील तोपर्यंत. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात जास्त काळ लागू शकतो. तोपर्यंत रुग्णाने इतरांजवळ असताना मास्क लावावा. रुग्णाच्या खोलीत बराच वेळ थांबणाऱ्याने एन-९५ मास्क वापरावा. खेळत्या हवेची सवय मात्र रुग्ण बरा झाल्यावरही सोडू नका.

डॉक्टरांना केव्हा भेटावे?

घरातील कोणालाही दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळचा ताप, रात्री घाम, वजनात घट किंवा बेडक्यातून रक्त दिसले, तर लगेच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा शासकीय रुग्णालयात तपासणी करा. तपासणी आणि औषधे मोफत मिळतात. लक्षणे नसली तरी रुग्णासोबत राहणाऱ्या सर्वांची एकदा तपासणी व्हायला हवी. पाच वर्षांखालील मुले, मधुमेही, एचआयव्हीबाधित आणि गरोदर स्त्रिया यांच्याबाबत उशीर करू नका. क्षय नसल्याची खात्री झाल्यावर घरातील व्यक्तींना प्रतिबंधक औषधे दिली जातात. त्याविषयी डॉक्टरांना किंवा आशा ताईंना स्वतःहून विचारा.